झोपलेल्या राक्षसाजवळून जाताना

अँगबँड या खेळात भुयारात खोल उतरताना कधीतरी 'कुत्र्याची अंगठी' सापडते. ती बोटात असली की आपल्या पात्राला भीती शिवत नाही. हे वरदान लहान नाही, कारण या खेळात घाबरलेला योद्धा तलवार हातात असूनही वार करू शकत नाही, नुसता मार खातो. अंगठीच्या वर्णनात आणखी एक ओळ असते: स्टेल्थ, म्हणजे चाहूल न देता वावरण्याची क्षमता, उणे २. ती ओळ मी कित्येक वर्षं वाचून सोडून देत होतो. दोनच गुण तर जातात, असं वाटायचं. त्या दोन गुणांची खरी किंमत मी कागद-पेन्सिल घेऊन मोजली ती फार उशिरा, महिनाभर जपलेलं एक पात्र गमावल्यावर. या खेळाचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, सगळ्यांसाठी खुला आहे. राक्षस कधी जागा होतो याचं सूत्र त्यात थेट वाचता येतं, आणि ते वाचल्यावर माझी खेळण्याची पद्धतच बदलली.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ लिहिला. भुयाराचा नकाशा दर वेळी नव्याने तयार व्हायचा आणि पात्र मेलं की खेळ संपायचा. मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करायची सोय नाही. या दोन नियमांवर उभे असलेले खेळ पुढे 'रोगलाइक' म्हणून ओळखले जाऊ लागले. १९८७ मध्ये नेटहॅक आला, १९९० मध्ये अँगबँड. १९९७ मध्ये लिन्ली हेन्झेल यांचा डंजन क्रॉल आला, आणि २००६ पासून स्वयंसेवक त्याची 'स्टोन सूप' ही आवृत्ती वाढवत आहेत. ब्रायन वॉकर यांचा ब्रोग २००९ चा. चारही आज फुकट खेळता येतात.

या सगळ्या खेळांत एक पेच पुन्हा पुन्हा समोर येतो. सापडलेली वस्तू जबरदस्त असते, पण तिला खोट असते. चिलखत भक्कम, पण चालताना खणखणाट. तलवार ड्रॅगनला कापणारी, पण हातात घेतली की आसपासचं सगळं भुयार जागं. अँगबँडच्या जुन्या आवृत्त्यांमधली 'कॅलरिस' ही तलवार अशीच होती. क्रॉलमध्ये तर एक गाणारी तलवार आहे. घ्यायची की टाकायची?

चिलखताचा फायदा डोळ्यांना दिसतो. अंक वाढतो, मार कमी बसतो. चोरपावलांचा फायदा मात्र न झालेल्या लढायांच्या रूपात मिळतो, आणि जी लढाई झालीच नाही तिची नोंद कुठे राहत नाही. म्हणून आपण चिलखताला जास्त भाव देतो. सूत्रं काय सांगतात ते पाहू.

अँगबँडमध्ये राक्षस झोपलेला असेल तर खेळ त्याच्या प्रत्येक पाळीला ० ते १०२३ मधला एक अंक काढतो, त्याचा घन करतो आणि आपल्या 'आवाजा'शी ताडून पाहतो. घन आवाजाएवढा किंवा त्याहून कमी आला, तर झोपेतही त्याला आपली चाहूल लागली. अशा चाहुली साठत गेल्या की झोप मोडते. जवळ असलो तर लवकर, लांब असलो तर सावकाश. स्टेल्थ शून्य असेल तर आवाज २ चा ३० वा घात, म्हणजे १०२४ च्या घनाएवढा. मग काहीही अंक निघो, चाहूल लागणारच. स्टेल्थचा प्रत्येक गुण हा आवाज निम्मा करतो. आवाज घनाशी ताडून पाहिला जात असल्यामुळे शक्यता मात्र आवाजाच्या घनमुळाने बदलते, म्हणून ती निम्मी व्हायला तीन गुण लागतात. स्टेल्थ ३ असेल तर दर पाळीला चाहूल लागण्याची शक्यता १/२, ६ असेल तर १/४, ९ ला १/८, १२ ला १/१६.

हीच गोष्ट वेळेच्या भाषेत मांडली की चित्र पालटतं. समजा, स्टेल्थ शून्य असताना एखादा राक्षस ठरावीक अंतरावर १० पाळ्यांत जागा होतो. मग स्टेल्थ ३ ला सरासरी २० पाळ्या मिळतील, ६ ला ४०, ९ ला ८० आणि १२ ला १६०. शेवटच्या तीन गुणांनी ८० पाळ्या दिल्या, पहिल्या तीन गुणांनी फक्त १०. आता कुत्र्याची अंगठी घाला. दोन गुण गेले की वेळ सुमारे ६३ टक्के उरतो. ज्याची स्टेल्थ ३ होती त्याच्या २० पाळ्यांच्या जेमतेम साडेबारा होतील. साडेसात गेल्या, त्याला फरक जाणवणारही नाही. ज्याची १२ होती त्याच्या १६० च्या १०० होतील. एकच अंगठी, पण आवाज करत चालणाऱ्या योद्ध्याला ती जवळजवळ फुकट पडते आणि हलक्या पावलांच्या हॉबिटला, म्हणजे बुटक्या वंशातल्या पात्राला, ६० पाळ्यांना. मी गमावलेलं पात्र हॉबिटच होतं.

चिलखताचं सूत्र याच्या अगदी उलट स्वभावाचं आहे. अँगबँडमध्ये चिलखताचे ४ गुण म्हणजे शारीरिक माराची १ टक्का बचत. ही बचत सरळ रेषेत वाढते आणि २४० गुणांना, ६० टक्क्यांवर, थांबते. ड्रॅगनने आग ओकली तर ही बचत लागूच होत नाही. म्हणजे २० गुणांची सुरेख ढाल ५ टक्के मार वाचवते, तेही तो मार दात-नखांचा असेल तरच. आणि स्टेल्थचे तीन गुण जागं होण्याचा वेग निम्म्यावर आणतात.

क्रॉलमध्ये हा व्यवहार आणखी स्पष्ट लिहिलेला आहे. तिथे प्रत्येक चिलखताला अडचणीचा एक अंक असतो. चामड्याच्या चिलखताचा ४, अंगभर पोलादी पत्र्याच्या चिलखताचा १८. स्टेल्थमधून होणारी वजावट या अंकाच्या वर्गाच्या दोन तृतीयांश असते. चामड्याची वजावट सुमारे १०, पोलादाची २१६. संरक्षण ३ वरून १० वर जातं, सव्वातीन पट. आवाजाची शिक्षा मात्र वीस पट. कौशल्याची एक पायरी चढली की स्टेल्थचे १५ गुण मिळतात, म्हणजे ते पोलाद अंगावर चढवताना चौदा पायऱ्यांहून जास्त कमाई एका झटक्यात जाते. वर्गाचा हा नियम मला फार आवडतो, कारण तो मधल्या तडजोडीला जागा ठेवतो. थोडं जड चिलखत थोडंच महाग पडतं, फार जड चिलखत मात्र जवळजवळ सगळंच मागून घेतं. चोरपावलांनी खेळणाऱ्यासाठी त्याच खेळात सावली-ड्रॅगनची खवलंही आहेत. जड असूनही ती स्वतःच स्टेल्थ वाढवतात, आणि ज्याला ती मिळतात त्याचा मला खरोखर हेवा वाटतो.

नेटहॅकमध्ये स्टेल्थला गुण नाहीत. ती आहे किंवा नाही, एवढंच. नसेल तर दहा घरांच्या आत, नजरेच्या टप्प्यात झोपलेला बहुतेक प्रत्येक राक्षस दर खेळीला ७ मध्ये १ या शक्यतेने जागा होतो. सातात एक ऐकायला किरकोळ वाटतं. पण दर खेळीला झोप टिकण्याची शक्यता ६/७, आणि ती खेळीमागे खेळी स्वतःशीच गुणली जाते. पाच खेळ्यांनंतर ४६ टक्के, दहा खेळ्यांनंतर २१ टक्के. खोलीत पाच राक्षस असतील, तर पाच खेळ्यांनंतर पाचही झोपलेले असण्याची शक्यता सुमारे २ टक्के. कुत्रे आणि माणसं तर पहिल्याच खेळीला उठतात, त्यामुळे शिपायांच्या बराकीत पाऊल टाकलं की समोरची अख्खी रांग उभी. धनाने भरलेल्या 'प्राणिसंग्रहालया'त शिरताना आणखी एक फासा पडतो आणि साधारण एक तृतीयांश प्राणी दारातच जागे होतात. स्टेल्थ असेल तर यातलं काहीच होत नाही. अपवाद एटिन नावाच्या राक्षसाचा. झोपलेल्यांना एकेक करून गाठता येतं.

मग सगळेच स्टेल्थ का घेत नाहीत? कारण ती अंगावरची एक जागा अडवते. एल्फांचा झगा घातला की जादूरोधक झग्याला खांदे उरत नाहीत, आणि जादूचा अडसर नसेल तर 'मृत्युस्पर्श' हा एक मंत्र खेळ संपवू शकतो. एल्फांचे बूट घातले की वेगाचे बूट पिशवीत पडून राहतात. अंगठी घालावी तर बोटं दोनच, आणि अंगठी भूकही वाढवते. वस्तूत काहीच खोट नसली तरी तिच्यामुळे जे घालता येत नाही ते तिच्या किमतीत धरावं लागतं. वाल्किरी (योद्धी), रोग (इथे चोर, खेळाचं नाव नव्हे) आणि पुरातत्त्वज्ञ या पात्रांना स्टेल्थ जन्मतःच मिळते. वाल्किरी नवख्यांसाठी इतकी सोयीची मानली जाते, त्यात या न दिसणाऱ्या देणगीचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे.

निसर्गातही चोरपावलं फुकट मिळत नाहीत. आपल्याकडे गावातल्या जुन्या वाड्यांत राहणारं गव्हाणी घुबड घ्या. त्याचे पंख अंगाच्या मानाने मोठे, उडणं संथ, पिसांवर मखमलीसारखी लव आणि कडेला बारीक झालर. या रचनेमुळे पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा आवाज दबतो आणि उंदराला चाहूल लागत नाही. पण तीच मऊ पिसं पाणी नीट झटकू शकत नाहीत. पावसात घुबड भिजतं आणि त्याची शिकार थांबते, सलग पावसात उपासमार होते. अँगबँडमधली 'उंदराची अंगठी' चपळाई आणि स्टेल्थ वाढवून घावाची ताकद काढून घेते, तेव्हा मला हे घुबड आठवतं.

इतकी आकडेमोड करण्याचं खरं कारण या खेळांतला मृत्यू आहे. एकच जीव असेल तर सरासरीला अर्थ उरत नाही, शक्यतांचा गुणाकार तेवढा मोजायचा. समजा, एका लढाईत मरण्याची शक्यता २ टक्के आहे आणि वाटेत ३० लढाया आहेत. ०.९८ ला तीस वेळा स्वतःशी गुणलं की ०.५४५ येतात, म्हणजे जवळजवळ निम्मे खेळ हरणार. चिलखताने प्रत्येक लढाईचा धोका निम्मा केला, तर वाचण्याची शक्यता ७४ टक्के होते. लढाया निम्म्या केल्या, तरीही ७४ टक्केच. दोन्ही वाटा सारख्याच चांगल्या. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की यातलं 'निम्मं' कुठे स्वस्तात मिळतंय. अँगबँडमध्ये चाहूल तीन गुणांत निम्मी होते, शारीरिक मार निम्मा करायला चिलखताचे २०० गुण लागतात.

शिवाय झोपलेला शत्रू म्हणजे नुसती टळलेली लढाई नव्हे. ब्रोगमध्ये सुरी एका घावात जेमतेम ३-४ गुणांचं नुकसान करते, पण बेसावध शत्रूवर तिचा घाव पाचपट बसतो. गॉब्लिनचा जीव १५ गुणांचा. जागा गॉब्लिन सुरुवातीच्या पात्राला सहज मारतो, झोपलेला गॉब्लिन एका घावात संपतो. आपली चाहूल तिथे साधारण १४ घरांपर्यंत पोचते, थांबून शोध घेत राहिलं तर ७ पर्यंत, आणि लढाई सुरू झाली की दुप्पट. एका गॉब्लिनशी झटापट केली की शेजारच्या दालनातले का येतात, ते यावरून कळतं.

असं असलं तरी सगळं जड सामान टाकून द्यावं असं मी म्हणणार नाही. स्टेल्थची किंमत झोपलेल्या शत्रूंवर अवलंबून असते, आणि प्रत्येक रोगलाइकमध्ये एक टप्पा असा येतो की झोपलेलं कोणी उरत नाही. क्रॉलमध्ये झॉटचा गोल, म्हणजे जिंकण्यासाठी बाहेर आणायची वस्तू, उचलला की प्रचंड आवाज होतो आणि परतीच्या वाटेवर शत्रू मागे लागतात. नेटहॅकमध्ये तशीच वस्तू म्हणजे यंडोरचा ताईत. तो हाती आल्यावर यंडोरचा जादूगार पाठ सोडत नाही. त्या चढणीवर गाणारी तलवार हातात असली तर काय बिघडतं? सगळे जागेच आहेत. तिथे एल्फांचा झगा उतरवून जादूरोधक झगा घालणारा खेळाडू माझ्या मते बरोबर करतो. सुरुवातीच्या मजल्यांवर, जिथे निम्मं भुयार झोपेत असतं, तिथे तीच तलवार घेऊन फिरणं मला आज पटत नाही. तोटा तोच असतो, पण तो कुठे भरायचा हे आपल्या हातात असतं.

माझ्या सध्याच्या हॉबिटकडे अँगबँडमधल्या दोन्ही अंगठ्या आहेत. चालताना तो उंदराची घालतो. जिना कुठे आहे ते पाहून ठेवतो, कोण झोपलंय ते मोजतो, आणि त्यातला एखादा घ्यायचाच असं ठरलं की योग्य अंतरावर थांबून कुत्र्याची अंगठी चढवतो. अंगठी बदलायला एक खेळी लागते. स्टेल्थ १२ असताना एवढी उसंत मिळते.