विंडोजवर चालतो, लिनक्सवर अडतो

ऐरोली-महापेच्या आयटी पट्ट्यात हा अनुभव अनेकांना येतो. सी++ चा कोड विंडोज लॅपटॉपवर बिनतक्रार कंपाइल होतो. तोच लिनक्स सर्व्हरवर नेला की कंपायलर (कोडचा प्रोग्राम बनवणारं साधन) कॉल 'अँबिग्युअस' आहे, म्हणजे कोणतं फंक्शन वापरायचं ते ठरत नाही, असं सांगून हात वर करतो. कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नसतं.

समजा, 'नोंद' या एकाच नावाची दोन फंक्शन्स आहेत. एक अनसाइन्ड इंट घेतं, दुसरं अनसाइन्ड लाँग लाँग; दोन्ही ऋण नसलेल्या पूर्णांकांचे टाइप. कॉल करताना आपण व्हेक्टरची (यादीची) लांबी देतो, तिचा टाइप साइझ_टी. हा स्वतंत्र टाइप नव्हे, नुसतं टोपणनाव. ६४ बिट विंडोजवर त्यामागे अनसाइन्ड लाँग लाँग असतो, त्यामुळे जुळणी तंतोतंत. ६४ बिट लिनक्सवर मात्र अनसाइन्ड लाँग असतो. तिथे हे दोन्ही टाइप ६४ बिटांचेच, तरी सी++ च्या लेखी वेगळे.

तंतोतंत जुळणारं फंक्शन नाही, मग कंपायलर जुळणीचा दर्जा बघतो. आधी तंतोतंत जुळणी, मग प्रमोशन (कॅर किंवा शॉर्टचा इंट होणं), त्यानंतर कन्व्हर्जन (आकड्यांच्या टाइपमधले बाकीचे बदल). गोम इथेच आहे. ६४ बिटांचा आकडा ६४ बिटांतच ठेवणं आणि ३२ बिटांत कोंबून वरचे बिट गमावणं, दोन्ही कन्व्हर्जनच, एकाच पंगतीत. इंटचा लाँग होणं आणि डबल होणं यांतही डावं-उजवं नाही. आकडा मावतो का, हा प्रश्न निवडीत येतच नाही.

आर्ग्युमेंट दोन असतील तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा. (इंट, लाँग) आणि (लाँग, इंट) अशा जोडीला दोन इंट दिले, की एकेका जागी एकेक सरस ठरतं आणि गाडी पुन्हा अडते.

घाईत लोक साइझ_टी साठी तिसरं फंक्शन लिहितात. लिनक्सवर भागतं, पण विंडोजवर ते अनसाइन्ड लाँग लाँगचंच फंक्शन दुसऱ्यांदा लिहिल्यासारखं होतं आणि तिथे एरर येते. त्यापेक्षा थेट अनसाइन्ड लाँगचं लिहावं. हे तिन्ही टाइप सगळीकडे वेगळेच असतात. एखाद-दुसराच कॉल असेल तर स्टॅटिक_कास्टने टाइप स्वतः बदलून देणं पुरतं.

एरर आली तर निदान कळतं तरी. यूइंट८_टी हा ८ बिटांच्या आकड्याचा टाइप गुपचूप फसवतो. तो सहसा अनसाइन्ड कॅर असतो, म्हणून त्यात ६५ ठेवून तो छापायला सीआउटला दिला तर पडद्यावर इंग्रजी 'ए' उमटतो. व्हेरिएबलच्या आधी नुसतं अधिक चिन्ह लावा. प्रमोशन होऊन इंट मिळतो आणि ६५ छापला जातो.