संशोधनासाठी घरचा पीसी लावायचा आहे? खरेदीआधी हे वाचा

गेमिंग नको, टॅली नको, "बॉइंक चालवायला पीसी द्या" असं म्हणत आमच्या काउंटरवर येणारे ग्राहक आता वाढले आहेत. कुणी इंजिनिअरिंगला असतं, तर कुणी नुकतंच निवृत्त झालेलं. या मंडळींबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे, कारण स्वतःचं लाईटबिल भरून दुसऱ्याच्या संशोधनाला हातभार लावायला ते निघालेले असतात. त्यांच्या हातून चुकीची खरेदी होऊ नये म्हणून हे पत्रक छापलं आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एखादं प्रचंड गणित लाखो तुकड्यांत वाटतात, एकेक तुकडा लोकांच्या घरच्या संगणकांवर सुटतो आणि उत्तर संस्थेकडे परत जातं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाने मे 1999 मध्ये परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणारं सेटी ॲट होम सुरू केलं तेव्हा जगभरातल्या लोकांना याची गोडी लागली. त्या प्रकल्पाने 31 मार्च 2020 पासून नवं काम वाटणं थांबवलं. पण त्याच मंडळींनी तयार केलेलं बॉइंक हे मोफत सॉफ्टवेअर आज अनेक प्रकल्पांसाठी वापरलं जातं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. यात कमाई नाही. "महिन्याला किती सुटतील?" असं विचारत कुणी आलं तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. हे क्रिप्टोचं मायनिंग नव्हे, हे दान आहे. दान करायचं तर ते झेपेल इतकंच असावं.

आधी प्रकल्प ठरवा, मग पार्ट

बहुतेक ग्राहक आल्याआल्या ग्राफिक्स कार्डाचं नाव सांगतात. आमचा पहिला प्रश्न असतो, चालवणार काय?

फोल्डिंग ॲट होम हा प्रकल्प 2000 साली स्टॅनफर्डमध्ये सुरू झाला. प्रथिनांच्या घड्या कशा पडतात आणि त्यांची हालचाल कशी होते याचं गणित तो करतो, आणि त्या कामाला ग्राफिक्स कार्डच सगळ्यात उपयोगी. तिथे महागडा प्रोसेसर घेऊन फारसं साधत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाचा रोझेटा ॲट होम याच्या बरोबर उलट आहे, त्यात ग्राफिक्स कार्डाला कामच नाही. ज्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेतून तो चालतो त्यांना 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रोझेटाला प्रोसेसरचे कोअर (एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे भाग) लागतात आणि रॅम तर भरपूर लागते. एकेक काम कधी एक, कधी दोन जीबी अडवून बसतं. म्हणजे एका वेळी सोळा कामं चालवायची तर 32 जीबी धरूनच चला. 8 जीबीत सोळा थ्रेडचा (एका वेळी सोळा कामं चालवणारा) प्रोसेसर बसवून दिलेले पीसी आमच्याकडे येतात, तेव्हा वाईट वाटतं, कारण त्यातले निम्मे थ्रेड रॅमची वाट बघत बसलेले असतात.

आइन्स्टाइन ॲट होम पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने स्पंद पाठवणारे तारे, शोधतो. नाशिक-पुणे रस्त्याने जाताना नारायणगाव लागतं. तिथून आत खोडद आणि परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस डिश उभ्या आहेत. ज्या पल्सारांचे स्पंद त्या डिश ऐकतात, त्याच जातीचे तारे हा प्रकल्प दुसऱ्या दुर्बिणींच्या नोंदींतून हुडकतो. 2010 मध्ये त्याला पहिला रेडिओ पल्सार सापडला, तोही सामान्य लोकांच्या घरच्या संगणकांवर. हा प्रकल्प प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही वापरतो. काही कामांना कार्डावरच 4 जीबी किंवा जास्त मेमरी लागते, म्हणून जुनं 2 जीबीचं कार्ड यासाठी घेऊ नका.

मूळ संख्यांचं वेड असलेले ग्राहक 1996 पासून चालू असलेल्या, मोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या जिम्प्स या प्रकल्पाकडे वळतात. ऑक्टोबर 2024 मध्ये या प्रकल्पातून 4,10,24,320 अंकी मूळ संख्या सापडली. ती मात्र डेटा सेंटरमधल्या ग्राफिक्स कार्डांवर सापडली, घरच्या पीसीवर नाही, हेही आम्ही ग्राहकाला सांगतो. घरी हे काम प्रोसेसरवर करायचं तर रॅमचा वेग आणि प्रोसेसरची कॅश (आतली जलद मेमरी) कळीची ठरते. 16 जीबीची एकच स्टिक न घेता 8-8 च्या दोन घ्या. किमतीत फारसा फरक पडत नाही, पण दोन चॅनल मिळाल्याने कामाचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो.

वॅट मोजा

गेमिंगचा पीसी दिवसातून दोन-तीन तास जोर लावतो. तुमचा पीसी चोवीस तास जोर लावणार आहे. त्यामुळे सगळ्यात वेगवान मशीन शोधू नका. विजेच्या एका युनिटमध्ये सगळ्यात जास्त काम उपसणारं मशीन शोधा.

हिशोब सोपा आहे. 100 वॅटचं मशीन सतत चाललं तर दिवसाला 2.4 युनिट, म्हणजे महिन्याला 72 युनिट. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं: 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 ला त्याहून जास्त, पुढे आणखी जास्त. तुमच्या घरचा वापर आज 90 युनिट असेल, तर या 72 पैकी 62 युनिट वरच्या टप्प्यात पडतील. म्हणून सरासरी दराने हिशोब करू नका. नवे युनिट ज्या टप्प्यात पडतील त्या दराने करा.

आता सेटिंगने काय होतं ते बघा. रायझन 9 7950एक्स हा सोळा कोअरचा प्रोसेसर मूळ सेटिंगवर 230 वॅटपर्यंत ओढतो. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) '65 वॅट' नावाचा इको मोड लावला की तो 88 वॅटवर थांबतो. काम थोडं घटतं, पण निम्म्यावर येत नाही. महिनाभर चोवीस तास पूर्ण लोडवर धरलं तर दोन सेटिंगमधला फरक 102 युनिट होतो. ग्राफिक्स कार्डाचंही तेच. पॉवर लिमिट 70-75 टक्क्यांवर आणली तरी बहुतेक कार्डांचं काम थोडंच कमी होतं, आणि पंख्याचा आवाज इतका उतरतो की शेजारच्या खोलीत झोपता येतं. आमच्याकडून पीसी घेतलात तर ही सेटिंग आम्ही लावूनच देतो.

ओव्हरक्लॉक करू नका, ही कळकळीची विनंती. गेममध्ये एखादा पिक्सेल चुकला तर कुणाचं बिघडत नाही. इथे चुकलेलं उत्तर संशोधनाच्या वाटेत येतं. अनेक प्रकल्प एकच काम दोन संगणकांना देऊन उत्तरं ताडून बघतात. तुमचं उत्तर जुळलं नाही तर तेच काम तिसऱ्या कुणाला पुन्हा करावं लागतं, आणि तुमची वीज फुकट जाते.

उष्णता, धूळ आणि लाईट

पीसी जितकी वीज खातो तितकी उष्णता खोलीत सोडतो. 300 वॅटचं मशीन म्हणजे 300 वॅटचा हीटरच. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी हाडात शिरते तेव्हा हे बरं वाटतं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तीच उष्णता बाहेर काढायला एसी लावाल, तर बिल दोन्हीकडून वाढेल. बॉइंकमध्ये वेळ ठरवून देता येते. उन्हाळ्यात फक्त रात्री अकरा ते सकाळी सात चालवा, किंवा निम्मेच कोअर द्या.

मागच्या उन्हाळ्यात पंचवटीतून एक कॅबिनेट आलं. तक्रार अशी की पीसी दर वीस मिनिटांनी आपोआप बंद पडतो. प्रोसेसरचा पंखा काढून बघितलं तर खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर धुळीची जाड गादी बसलेली. नखाने कडा उचलली तर ती नमद्यासारखी अख्खी निघाली. पंखा गरगर फिरत होता, पण वारा पट्ट्यांपर्यंत पोचतच नव्हता. पीसी ठेवला होता कॉम्प्युटर टेबलाच्या बंद खणात, घराशेजारी बांधकाम चालू. ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, टेबलाची मागची फळी काढायला सांगितली. एकही नवा पार्ट लागला नाही.

म्हणून काचेच्या तोंडाचं दिखाऊ कॅबिनेट घेऊ नका. जाळीचं तोंड आणि काढून धुता येणारा फिल्टर असलेलं साधं कॅबिनेट घ्या. फिल्टर महिन्यातून एकदा धुवा आणि पूर्ण वाळवून परत बसवा.

एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) मात्र हात आखडू नका. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. चोवीस तास चालणाऱ्या मशीनला बिननावाचा एसएमपीएस लावणं धोक्याचं आहे. 80 प्लस ब्राँझ किंवा गोल्ड शिक्क्याचा घ्या, आणि क्षमता अशी निवडा की तुमचा लोड तिच्या साधारण निम्म्यावर येईल. त्या पट्ट्यात वीज कमी वाया जाते. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डही टाळा. करंट कमी असला तरी सैल संपर्कातून तो दिवसरात्र वाहत राहिला की प्लग तापून पिवळा पडतो. थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

लाईट जाण्याची फार धास्ती घेऊ नका. बहुतेक कामं मधूनमधून स्वतःची नोंद डिस्कवर ठेवतात आणि लाईट आली की तिथूनच पुढे सुरू होतात. बायोसमध्ये लाईट आल्यावर पीसी आपोआप चालू होण्याची सेटिंग असते, ती लावून घ्या. 600 व्हीएचा यूपीएस नीट शटडाऊन करण्यापुरता पुरतो. घरच्या इन्व्हर्टरवर मात्र हा पीसी घेऊ नका. तो पंख्या-दिव्यांसाठी राहू द्या.

जुनं घ्यावं का?

15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या क्रिप्टोचलनाचं ग्राफिक्स कार्डांवर होणारं मायनिंग थांबलं आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. त्यातली काही आजही हातोहात फिरतात. चांगलं कार्ड मिळू शकतं, पण आपल्यासमोर दोन तास पूर्ण लोडवर चालवून, पंखे आणि तापमान बघूनच घ्या. इंटेलच्या झिऑन प्रोसेसरचे जुने सर्व्हर मात्र या कामाला घेऊ नका असंच आम्ही सांगू. स्वस्तात ढीगभर कोअर मिळतात, पण ई5 व्ही2 पर्यंतच्या पिढ्यांत एव्हीएक्स2, म्हणजे एका फेरीत जास्त आकडेमोड करण्याची सोय, नाही. वाचलेले पैसे लाईटबिलात जातात. लॅपटॉप चोवीस तास तापवू नका. बॅटरी फुगलेले लॅपटॉप आम्ही पुरेसे पाहिले आहेत.

डिस्कवर जास्त खर्च नको. 256 जीबीची एसएसडी पुरते. बॉइंकची डिस्कवर लिहिण्याची वेळ साठ सेकंदांवरून पाच-दहा मिनिटांवर न्या. इंटरनेटचं घरचं साधं कनेक्शन बहुतेक प्रकल्पांना चालतं. ग्राफिक्स कार्डावर काम चालवणार असाल तर प्रोसेसरचा एक थ्रेड मोकळा ठेवा. तो कार्डाला काम पुरवत राहतो.

शेवटी, आमच्याकडून काहीही घेण्याआधी आज घरात जो पीसी आहे त्यावरच महिनाभर बॉइंक चालवून बघा. सॉफ्टवेअर अधिकृत साइटवरूनच घ्या. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या मशीनवर लेखी परवानगीशिवाय टाकू नका. महिन्यानंतरही इच्छा टिकली तर तो पीसी आणि मागच्या दोन महिन्यांची लाईटबिलं घेऊन दुकानात या. काउंटरवर वॅटमीटर आहे. पीसी त्याला लावून तो रिकामा किती ओढतो आणि कामावर किती, हे तुमच्यासमोर मोजून देतो. त्याचे पैसे घेत नाही. बरेचदा एक रॅमची स्टिक, नवी पेस्ट आणि बरा एसएमपीएस एवढ्यावर भागतं. तसं असेल तर तसंच सांगू.