वेदनावाचक इंग्रजी शब्द

'पेन', 'एक्', 'हर्ट' आणि 'सोअर' हे इंग्रजीत शारीरिक वेदनेसाठी रोजच्या वापरात असलेले चार शब्द. शब्दकोशात त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात. खरा फरक कळतो तो कोणत्या अवयवाबरोबर कोणता शब्द बसतो, दुखणे किती वेळ टिकते आणि तो शब्द वाक्यात नाम म्हणून येतो, क्रियापद म्हणून येतो की विशेषण म्हणून, यावरून.

'पेन' सर्वांत व्यापक. सुई टोचल्याची क्षणभराची कळ, मुतखड्याचा शूल, बाळंतपणाच्या कळा, सगळे त्यात बसते. वैद्यकीय कागदपत्रांतही मुख्यतः हाच शब्द असतो. 'एक्' म्हणजे मंद, सलग, हटत नाही असे दुखणे. तो अवयवाच्या नावाला जोडून येतो: हेडेक, टूथेक, इअरेक, स्टमकेक, बॅकेक. हे जोडशब्द ठरलेले आहेत, मनाने नवे बनवता येत नाहीत. छातीत दुखले तर 'चेस्ट पेन'च म्हणतात, गुडघ्याला 'नी पेन', आणि घशाची पाळी आली की दोन्ही शब्द बाजूला पडून 'सोअर थ्रोट' येते. त्यातही डोकेदुखीला ब्रिटिश आणि अमेरिकन दोघेही 'अ हेडेक' म्हणतात. दातदुखीला मात्र अमेरिकन 'अ' लावतो, ब्रिटिश बहुधा लावत नाही. याला फारसे तर्कशास्त्र नाही, ती वहिवाट आहे.

'सोअर' हे मुख्यतः विशेषण. सुजलेला, सोललेला किंवा जास्त राबलेला भाग हात लावताच किंवा हलवताच दुखतो, तो 'सोअर'. बऱ्याच दिवसांनी गड चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्या भरून येतात, ते नेमके हेच. नाम म्हणून आला तर अर्थ बदलून व्रण होतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला पडतो तो 'बेडसोअर'.

'हर्ट'चा भर क्रियेवर आहे: काहीतरी लागते, कोणीतरी दुखावते. मनाला लागलेल्या बोलालाही हाच शब्द चालतो. त्याच्या शेजारी 'इंजर' आणि 'वूंड' बसतात. इंग्रजी बातम्यांत बस उलटली की प्रवासी 'इंजर्ड' होतात आणि चकमकीत गोळी लागलेला जवान 'वूंडेड'. मराठी बातमीत दोघेही जखमीच.

मराठी माणूस अडखळतो ते 'पेन'च्या क्रियापदावर. 'पाय दुखतोय' याचे आपण सरळ 'माय लेग इज पेनिंग' करतो. भारतीय इंग्रजीत ते इतके रुळले आहे की इथल्या दवाखान्यात कोणाला खटकत नाही. लंडन किंवा न्यू जर्सीच्या डॉक्टरलाही ते कळते, पण तो स्वतः 'हर्ट्स' किंवा 'एक्स' म्हणेल. आजच्या ब्रिटिश-अमेरिकन वापरात 'पेन' हे क्रियापद बहुतेक 'सांगताना वाईट वाटते' अशा औपचारिक बोलण्यापुरते उरले आहे.

'पेन'चे मूळ लॅटिन 'पोएना', म्हणजे शिक्षा किंवा दंड. 'पेनल्टी' त्याच घराण्यातला. 'हर्ट' जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे त्याचा अर्थ धडक देणे. 'एक्' आणि 'सोअर' मात्र अस्सल जुने इंग्रजी. 'एक्'चे स्पेलिंग (ache) हा एक गमतीदार गोंधळ आहे. पूर्वी क्रियापदाचा उच्चार 'एक्' होता आणि नामाचा 'एच्', अगदी रोमन अक्षर 'एच'सारखा. शेक्सपिअरने त्यावर कोटीही केली आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात हा शब्द ग्रीकमधून आल्याचे धरले. ती व्युत्पत्ती चुकीची होती, तरी ग्रीक थाटाचे स्पेलिंग कायम राहिले आणि उच्चार क्रियापदाचा टिकला.

या शब्दांच्या छटा नुसत्या भाषेच्या अभ्यासकांपुरत्या नाहीत, हे दाखवून दिले कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक (१९२९–२०१९) यांनी. पॅट्रिक वॉल यांच्यासह १९६५ मध्ये वेदनेचा 'गेट कंट्रोल' सिद्धान्त (मज्जारज्जूतले जणू एक फाटक मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश अडवते किंवा सोडते) मांडणारे ते हेच. त्याआधी तरुणपणी अमेरिकेत काम करताना त्यांची भेट पाय कापावा लागलेल्या एका वृद्ध मधुमेही बाईंशी झाली. नसलेल्या पायातल्या वेदना बाई इतक्या तपशिलाने सांगत, की मेल्झॅक ते शब्द टिपून ठेवू लागले. पुढे वॉरन टॉर्गरसन यांच्याबरोबर त्यांनी १९७१ मध्ये १०२ शब्दांची वर्गवारी केली, आणि त्यातून १९७५ मध्ये, मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी, मॅकगिल वेदना प्रश्नावली आली: ७८ शब्द, २० गट. काही गट संवेदनेचे, काही भावनेचे, एक एकूण तीव्रतेचा आणि उरलेले संकीर्ण. प्रत्येक गटात शब्द सौम्याकडून तीव्राकडे लावलेले, आणि रुग्णाने लागू असेल तिथे एकच निवडायचा.

पहिल्या गटात फडफडल्यासारख्या हलक्या जाणिवेपासून घणाचे घाव पडल्यासारख्या ठोक्यांपर्यंत सहा पायऱ्या आहेत. आपला ठणका चौथ्या पायरीच्या आसपास बसावा. सातवा गट आगीचा: गरम, जळजळ, पोळणे, डागणे. सुरुवातीच्या चार इंग्रजी शब्दांपैकी तीन एकत्र सापडतात ते नवव्या गटात. तिथला चढता क्रम असा: 'डल', 'सोअर', 'हर्टिंग', 'एकिंग', 'हेवी'. 'एकिंग' हे 'हर्टिंग'च्या वर आहे, हे बोलचालीच्या अंदाजाला थोडे अनपेक्षितच. 'पेन' मात्र या ७८ शब्दांत नाही, आणि ते बरोबरच आहे; विचारायचे असते ते 'पेन' कशी आहे हेच.

निवडलेल्या शब्दांवरून निदानाला मदत होते. चेहऱ्याच्या नसेच्या विकारात सुरी खुपसल्यासारखी, झटक्याने येणारी वेदना सांगितली जाते, तर संधिवातात सलग ठसठस आणि दुखरेपणा. यादीत दोष आहेच: 'लॅन्सिनेटिंग'सारखा (भोसकल्यासारखी कळ) शब्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही अर्थ विचारावा लागतो. शिवाय सगळी प्रश्नावली भरायला वेळ जातो. म्हणून १९८७ मध्ये १५ शब्दांची छोटी आवृत्ती निघाली. नुसते शून्य ते दहा आकडे विचारण्याची पद्धत त्याहून झटपट, पण आकड्यावरून वेदना किती ते कळते, कशी ते कळत नाही. २००९ च्या सुधारित आवृत्तीत २२ बाबी असून प्रत्येकीला शून्य ते दहा गुण द्यायचे असतात. नसांच्या वेदनेसाठी त्यात बधिरपणा, मुंग्या, हलक्या स्पर्शानेही दुखणे यांची भर पडली, आणि मराठी रुग्ण एरवीही 'करंट मारल्यासारखं' म्हणून सांगतो त्या वेदनेलाही जागा मिळाली.