ऑइल पंप गेला, की बेअरिंग झिजलं?

सासवडकडचे एक अंजीर बागायतदार काका आमच्या गॅरेजात पिकअप घेऊन आले, ते जुना ऑइल पंप पिशवीत घालूनच. दीड महिन्यापूर्वी दुसरीकडे पंप बदलून घेतला होता आणि मीटरवरची लाल झारी, म्हणजे ऑइलचं प्रेशर कमी झाल्याचा दिवा, पुन्हा पेटायला लागली होती. मार्केट यार्डात माल उतरवायचा, परतताना खताच्या गोण्या भरून दिवे घाट चढायचा, वर चहाला थांबायचं. गाडी स्लोला आली की झारी लुकलुकते, रेस दिली की विझते. "मिस्त्री, नवा पंपच खराब निघाला असंल का?" असं त्यांनी विचारलं. मी तो पिशवीतला जुना पंप खोलला, धुतला, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून मोजला. पंप चांगला होता. ज्याच्यासाठी गाडी ऐन हंगामात दोन दिवस उभी राहिली, तो बदलायची गरजच नव्हती.

पंप झिजला तरी ऑइलचं प्रेशर पडतं आणि क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, बेअरिंग झिजली तरी पडतं. दोन्हीकडे दिवा तोच, आणि बहुतेक वेळा तक्रारही तीच: गरम झाल्यावर, स्लोला. म्हणून गल्लत होते. पंप स्वस्त, बेअरिंगचं काम महाग, त्यामुळे गल्लत नेहमी पंपाच्याच बाजूने होते. मालकालाही तेच ऐकायला बरं वाटतं.

काकांकडे ठिबक आहे, म्हणून मी त्यांना ठिबकच्याच भाषेत सांगितलं. विहिरीवरची मोटार पाणी ढकलते. प्रेशर मोटारीत तयार होत नाही, ते पाणी पुढे अडतं म्हणून तयार होतं. ड्रिपरची भोकं मोठी झाली किंवा उंदरांनी लॅटरल कुरतडली, तर मोटार धडधाकट असूनही शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. इंजिनात पंप म्हणजे मोटार. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधली बारीक फट म्हणजे ड्रिपर. ऑइल त्या फटीतून सतत निसटत असतं, निसटायलाच हवं, कारण त्याच पातळ थरावर क्रँक तरंगत फिरतो. ही फट नव्या इंजिनात साधारण ०.०३ ते ०.०८ मिलिमीटर असते. ती दुप्पट झाली की गळती दुप्पट होत नाही, जवळजवळ आठपट होते, कारण अरुंद फटीतून वाहणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. डोळ्याला न दिसणारी झीज प्रेशर खाऊन टाकते, ती अशी.

गरमपणाचा भाग वेगळा. १५डब्ल्यू४० ऑइल ४० अंशांना जितकं दाट असतं, त्याच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शावर ते १०० अंशांना येतं. सकाळी थंड इंजिनावर झिजलेली फटसुद्धा दाट तेलाने भरून निघते आणि प्रेशरचा काटा ऐटीत वर जातो. घाट चढून आलं की तेच तेल पातळ होऊन भराभर निसटतं. त्यात स्लोला पंपही सावकाश फिरतो. म्हणून झारी चहाच्या टपरीसमोर पेटते, घाटात नाही.

इथे एक गोष्ट आधी उरकून घेतो. दिवा पेटला की पहिली शंका ऑइलच्या पातळीची घ्यायची, दुसरी तो दिवा पेटवणाऱ्या प्रेशर स्विचची. गाडी सपाटीला उभी करून ऑइलची पट्टी बघा. पातळी कमी असेल तर प्रश्न वेगळा. पातळी आपोआप वाढलेली असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर इंजेक्टर गळून डिझेल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) उतरतंय आणि तेल पातळ होतंय. तसं असेल तर पंपाकडे जायच्या आधी इंजेक्टर बघायचे. एका वायरीच्या साध्या दिव्याच्या स्विचची वायर काढल्यावरही झारी पेटलेलीच राहिली, तर वायर कुठेतरी बॉडीला घासतेय. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे, आणि नशीब चांगलं असेल तर तिथेच संपतं.

स्विच खरं बोलत असेल तर पुढे अंदाज चालत नाही. स्विच काढून त्याच्या भोकात काट्याचं मेकॅनिकल गेज बसवायचं. नाना पेठेत ते अडॅप्टरसकट मिळतं, आणि कुठल्याही बऱ्या गॅरेजात असायलाच हवं. ज्या गॅरेजात ते नाही आणि तरी "पंप गेलाय" असं छातीठोक सांगतात, तिथे गाडी खोलू देऊ नका, एवढं मी स्पष्ट म्हणेन. दिवा साधारण अर्ध्या किलोच्या (किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब) खालीच पेटतो. म्हणजे झारी पेटली नाही याचा अर्थ प्रेशर चांगलं आहे असा होत नाही. ते तळाला गेलेलं नाही, इतकंच त्यावरून कळतं.

गेज तीन वेळा वाचायचं: थंड इंजिनावर स्लोला, पूर्ण गरम इंजिनावर स्लोला, आणि गरम इंजिनावर २००० च्या आसपास आरपीएमला. नेमके आकडे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलेच धरायचे. जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा असा की गरम इंजिनावर दर १००० आरपीएमला पाऊण किलोच्या आसपास प्रेशर हवं. मात्र एकच आकडा बघून निर्णय होत नाही. काटा कसा चालतो ते बघायचं असतं.

थंडीला काटा छान वर, गरम झाल्यावर स्लोला कोसळतो, रेस दिली की पुन्हा चढतो पण पूर्वीइतका नाही. ही चाल बेअरिंगची. काकांच्या गाडीत तेच होतं: थंड असताना साडेतीन किलो, गरम स्लोला अर्ध्या किलोच्या जरा वर-खाली, २००० ला पावणेदोन.

पंपच झिजला असेल तर थंड इंजिनावरसुद्धा प्रेशर हवं तितकं होत नाही. दाट तेलही पंपाच्या आतच, तेल ढकलणाऱ्या फिरत्या रोटरच्या कडेने मागे निसटतं आणि काटा सगळीकडेच खाली राहतो. सुरू केल्यावर झारी विझायला वेळ लागतो. (रात्रभर उभ्या गाडीत हे फक्त सकाळीच होत असेल, तर आधी फिल्टर बदलून बघा. हलक्या फिल्टरमधला तेल अडवणारा रबरी पडदा धरत नाही आणि तेल रात्रीत खाली उतरतं.)

पंपाच्या आजूबाजूची दोन दुखणी पंपाच्या नावावर खपतात, आणि ती ओळखता आली तर खूप पैसे वाचतात. पहिलं प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हचं. पंपाने जास्त प्रेशर केलं तर ते सोडून देणारा हा स्प्रिंगवरचा छोटा दट्ट्या. त्यात कचरा अडकून तो अर्धवट उघडा राहिला, किंवा स्प्रिंग मेली, की काटा एका आकड्यापर्यंत येतो आणि कितीही रेस दिली तरी तिथेच थांबतो. दुसरं सक्शनचं, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूचं. चेंबरमधली जाळी गाळाने भरली की स्लोला सगळं ठीक वाटतं आणि रेस वाढवली की प्रेशर वाढायच्या ऐवजी पडतं किंवा काटा थरथरतो. विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हच्या जाळीला शेवाळ धरावं तसंच. चेंबर बसवताना सिलिकॉन पेस्ट हात सैल सोडून लावली की तिचे आत लोंबणारे तुकडे तुटून थेट या जाळीवर जातात. अशा जाळ्या मी बोटाने सोलून काढल्या आहेत.

सक्शन पाइपच्या ओ-रिंगमधून (जोडावरच्या रबरी कडीतून) हवा ओढली जात असेल, तर तेलात फेस येतो आणि काटा नाचतो. ते ओळखायला एक जुनी युक्ती आहे: तात्पुरतं एक लिटर तेल जादा घालायचं. पातळी ओ-रिंगच्या वर गेली आणि प्रेशर लगेच सुधारलं, तर चोर ती रिंग. तपासणी झाली की जादा तेल काढून टाकायचं, तसं गाडी चालवायची नाही.

आवाजही बोलतो, पण उशिरा. वरून टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) टकटक आली तर तेल वर पोचत नाही एवढंच कळतं, का पोचत नाही ते नाही. खालून, लोड घेताना, जड ठोका येत असेल तर बेअरिंगने जागा सोडलेली आहे. टर्बोच्या गाड्यांत टर्बोची शाफ्टही याच तेलावर तरंगते, म्हणून काही वेळा बेअरिंग वाजायच्या आधी टर्बो शिट्टी मारायला लागतो. कुठलंही असो, चालत्या गाडीत झारी पेटली की कडेला घेऊन इंजिन बंद करायचं. "कात्रजपर्यंत नेऊ" असं म्हणत नेलेल्या इंजिनांचे क्रँक मी पाहिलेत. निळे पडलेले असतात.

गेजने दिशा दाखवली की आणखी एक साक्षीदार तपासायचा: जुना ऑइल फिल्टर. तो कापून आतला कागद उलगडायचा आणि उन्हात बघायचा. राखाडी चमक म्हणजे बेअरिंगचा वरचा मऊ थर. तांबूस चमक दिसली की तो थर संपून खालचा तांब्याचा मिश्रधातू झिजतोय. काकांच्या फिल्टरमध्ये तांबूस कण होते. त्यांना दाखवले, ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

चेंबर उतरवलंच आहे तर दोन्ही मोजून टाकावं. पंपाचं झाकण काढून रोटरच्या टोकांमधली फट फीलर गेजने बघायची, आणि पंपाच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून रोटर व पट्टी यांच्यामधली. बहुतेक पंपांत टोकांमधली फट ०.२ मिलिमीटरच्या वर आणि वरची ०.१५ च्या वर गेली की पंप बदलायचा. झाकणाच्या आतल्या बाजूला नखाला लागेल असा चरा असेल तरी बदलायचा. दुसऱ्या बाजूला एक बिगेंड (कनेक्टिंग रॉडचं) आणि एक मेन (क्रँक ब्लॉकमध्ये धरणारं) बेअरिंगची कॅप खोलायची. जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) प्लॅस्टिगेजची, म्हणजे चेपणाऱ्या प्लॅस्टिकची, बारीक तार ठेवायची, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळायची, क्रँक न फिरवता पुन्हा काढायची, आणि तार किती रुंद चेपली ते पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं. अर्ध्या तासात खरं काय ते समोर येतं. काकांच्या गाडीत फट ०.१२ निघाली.

मग नव्या पंपाने दीड महिना गाडी बरी का चालली? पंप बदलताना ऑइलही नवं पडलं आणि पंपाच्या आतली थोडी गळती कमी झाली. पाव किलो प्रेशर वाढलं. दिवा अर्ध्या किलोला पेटतो, त्यामुळे तेवढ्याने तो विझला. बेअरिंग झिजतच होतं. जाड ऑइल घातल्यावरही नेमकं हेच होतं. जुनी पिकअप घेताना गरम इंजिनाचं गेज बघितल्याशिवाय व्यवहार करू नका, ते याचसाठी. २०डब्ल्यू५० भरून झारी काही दिवस गप्प करता येते.

पंपच दोषी निघाला तर बदलताना जे चुकतं ते बहुधा शेवटच्या तासात. क्रँकच्या पुढच्या टोकावर बसणारा पंप असेल तर टायमिंग कव्हर निघतं, तेव्हा टायमिंगच्या खुणा जुळवूनच पुढे जायचं, आणि बेल्ट असेल तर तो नवाच घालायचा. चेंबरमध्ये बसणारा असेल तर काम सोपं. सक्शनची ओ-रिंग नवी, जाळी नवी किंवा आरपार दिसेल इतकी धुतलेली. सिलिकॉन पेस्ट बारीक रेघेइतकीच. आणि नवा पंप कोरडा बसवायचा नाही, तो स्वच्छ ऑइलने भरून हाताने फिरवून घ्यायचा. कोरडा पंप तेल ओढत नाही, हवाच फिरवत बसतो, आणि इंजिनाचं पहिलं मिनिट तेलाविना जातं. काही जण त्यात ग्रीस भरतात, ते करू नका, ग्रीस तेलात नीट विरघळत नाही. फिल्टर नवा, शक्य असेल तर भरूनच लावायचा. मग डिझेल बंद ठेवून, थोडं थांबत थांबत, फक्त स्टार्टर मारायचा. गेजचा काटा उठला की मगच डिझेल सुरू करायचं. ढकलून किंवा ओढून सुरू करायची नाही.

बेअरिंगचं काम मोठं. क्रँक ग्राइंडिंगला जातो, जर्नल सहसा पाव किंवा अर्धा मिलिमीटर उतरवतात, त्याच मापाची बेअरिंग येतात. क्रँकमधली तेलाची भोकं तार आणि ब्रश घालून धुवायलाच हवीत, ऑइल कूलरमध्ये कण अडकलेले असतात तोही धुवायचा किंवा बदलायचा. कण राहिले तर नवी बेअरिंग आणि नवा पंप दोन्ही खातात. या कामात जुना पंप मापात असला तरी मी गिऱ्हाइकाला नवा घालायला सांगतो, कारण धातूचे कण त्यातूनही गेलेले असतात. काकांना मात्र तो खर्च नव्हता, दीड महिन्याचा पंप गाडीत होताच. खोलून, मोजून, धुऊन तोच घातला.

गाडी सुरू झाल्यावर काकांना शेजारी बसवून गोण्या न उतरवता दिवे घाट चढलो, गेज लावूनच. वर टपरीसमोर थांबलो, स्लोला ठेवली. काटा सव्वा किलोवर. आम्ही चहा संपेपर्यंत इंजिन बंद केलं नाही, आणि काकांनी तो आकडा अंजिराच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तारखेसह लिहून डॅशबोर्डात ठेवला. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलायचा आहे, तेव्हा फिल्टर परत कापून बघणार आहोत.