पहिल्या पंगतीतला रिकामा पाट

26 जानेवारी 2022, सकाळचे सात. झेंडावंदनाला निघायचं होतं, पण त्याआधी मी लॅपटॉप उघडून बसले होते. नागपुरातल्या एका महाविद्यालयाचे, लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारे सर्व्हर मी सांभाळते. आदल्या रात्री, आपल्याकडे साडेदहा वाजले असताना, क्वालिस या सुरक्षा कंपनीने लिनक्समधलं एक भगदाड जगासमोर मांडलं होतं. त्याला नाव दिलं होतं पोनकिट. भगदाड होतं दुसऱ्या खात्याच्या अधिकारात आज्ञा चालवून देणाऱ्या ‘पीकेएक्झेक’ नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये, आणि मे 2009 मध्ये तो प्रोग्रॅम पहिल्यांदा बाहेर आला तेव्हापासून होतं. साडेबारा वर्षांहून जास्त काळ ते जगभरच्या लिनक्स मशीनवर पडून होतं.

आमच्या दोन सर्व्हरसाठी अपडेट आलेलं होतं, ते लावलं. तिसऱ्यावरची प्रणाली मात्र इतकी जुनी होती, की तिला पॅच, म्हणजे चुका दुरुस्त करणारी ठिगळं, मिळणं कधीचंच बंद झालं होतं. तिथे मी त्या फाइलची माहिती पडद्यावर मागवली. ओळीच्या सुरुवातीला परवानग्यांची अक्षरं उमटली: आर, डब्ल्यू, एस. एका आज्ञेने परवानगी बदलली आणि पुन्हा माहिती मागवली. आर, डब्ल्यू, एक्स. एसच्या जागी एक्स आला, बाकी फाइल जशीच्या तशी. लॅपटॉप मिटला आणि झेंडावंदनाला गेले.

या एका अक्षरात काय असतं, ते नीट सांगायला हवं.

त्याच दिवशीचं उदाहरण घेते. आपला सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट या तीन दिवशी तो लोकांसाठी उघडतात. आपण मुलांना घेऊन जातो, आखून दिलेल्या वाटेने फिरतो, टेकडीवरून शहर बघतो आणि उतरतो. आत शिरायची परवानगी मिळाली म्हणजे जवानांच्या खोल्यांत डोकवायची मिळाली असं नाही. संगणकाचंही तसंच असतं. प्रयोगशाळेतल्या साठ विद्यार्थ्यांना एकाच सर्व्हरवर खाती मिळतात. प्रत्येकाला आपल्या फाइली, आपला कोपरा. सगळ्या किल्ल्याच्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात त्या खात्याला युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्या पूर्वज प्रणालीच्या, जगात ‘रूट’ म्हणतात. रूटला कोणाचीही फाइल वाचता येते, कोणाचाही पासवर्ड बदलता येतो, नोंदवहीतून स्वतःच्या खुणा पुसता येतात. साध्या खात्यावरून आत आलेल्याने आडवाटेने रूटचे अधिकार मिळवणं म्हणजे अधिकारवाढ, आणि त्याला वाट करून देणारी चूक म्हणजे अधिकारवाढीचं भगदाड.

अशा भगदाडांना ‘स्थानिक’ म्हणतात, म्हणजे आधी मशीनमध्ये पाय ठेवायला मिळालेला असावा लागतो. या शब्दानेच घात होतो. ‘स्थानिक आहे ना, मग बघू पुढच्या महिन्यात’ असं मी कितीदा ऐकलंय. पण आत पाय ठेवायला मिळणं आता कठीण राहिलेलं नाही. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरचा एखादा फोटो चढवायचा फॉर्म ढिसाळ असला, की बाहेरचा माणूस त्यातून आत येतो. येतो तेव्हा त्याच्याजवळ त्या संकेतस्थळापुरतेच अधिकार असतात, दुबळे आणि मोजके. तिथून रूटपर्यंतचा जिना त्याला अशाच स्थानिक भगदाडातून मिळतो. चोर अंगणात उभा असताना माजघराची कडी मोडकी असणं, ही माझ्या लेखी उद्यावर टाकायची गोष्ट नाही.

आता ते एस. साध्या खात्याने रूटच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा नियम काटेकोर पाळला तर कामंच अडतील. स्वतःचा पासवर्ड बदलायचा असेल तर? सगळ्यांचे पासवर्ड, गुप्त रूपात का असेना, रूटच्याच फाइलीत असतात. युनिक्स घडवणाऱ्या डेनिस रिची यांनी यावर तोडगा काढला. काही निवडक प्रोग्रॅमवर एक खूण ठेवायची. ती असली, की प्रोग्रॅम कोणीही चालवो, चालेपर्यंत त्याच्या अंगी मालकाचे अधिकार येतात. ती खूण म्हणजे परवानग्यांमधलं हे एस. 1979 मध्ये रिची यांच्या नावे तिचं अमेरिकी पेटंटही मंजूर झालं आणि पुढे ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं. मला ही कल्पना फार देखणी वाटते. पण तिच्यात एक अट दडलेली आहे: ज्या प्रोग्रॅमवर एस आहे, त्याने समोर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे संशयाने बघितलं पाहिजे, कारण त्याला बोलावणारा साधा माणूस असतो आणि प्रोग्रॅमच्या हातात ताकद रूटची असते.

पीकेएक्झेकने नेमकं एका ठिकाणी बघितलं नाही. हे समजायला लग्नातली पंगत बरी पडते.

कुठलाही प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा मेमरीत त्याच्यासाठी दोन पंगती मांडलेल्या असतात, एकीला लागून दुसरी. पहिल्या पंगतीत त्याला दिलेल्या सूचना बसतात. पहिल्या पाटावर रिवाजाने प्रोग्रॅमचं स्वतःचं नाव, त्यानंतर ‘हे कर, ते कर’ अशा खऱ्या सूचना. पंगत संपली हे कळावं म्हणून शेवटी एक पाट रिकामा ठेवतात. त्याला लागून दुसरी पंगत, तिच्यात भोवतालच्या चिठ्ठ्या: भाषा कोणती, घर कुठलं, प्रोग्रॅम कुठे शोधायचे. पीकेएक्झेक हा वाढपी पहिला पाट सोडून दुसऱ्यापासून वाढायला लागतो, कारण पहिल्यावर आपलंच माणूस आहे हे त्याला ठाऊक असतं.

पहिल्या पंगतीला कोणीच बसलेलं नसेल तर? तर तिथे उरतो एकच रिकामा पाट. वाढपी सवयीने पहिला पाट सोडतो आणि दुसऱ्याशी थांबतो. तो दुसरा पाट असतो दुसऱ्या पंगतीतला पहिला! आपण पंगत ओलांडली हे त्याच्या गावीही नसतं. पहिली पंगत रिकामी ठेवून प्रोग्रॅम सुरू करणं लिनक्सला तेव्हा चालत होतं. भलं माणूस तसं करत नाही, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही. अगदीच कोणाच्या नाही असंही म्हणता येत नाही. रायन मॅलन या प्रोग्रॅमरने 2013 मध्येच पीकेएक्झेकमधली ही खोट दाखवून दिली होती. पण तिचा गैरफायदा घेण्याची वाट त्याला सापडली नव्हती, आणि खोट तशीच राहिली.

वाट क्वालिसच्या संशोधकांनी शोधली, आणि तिच्यात अक्षरांचं एक प्रकरण आहे. एस असलेला प्रोग्रॅम सुरू होताना दारावरचा पहारेकरी दुसऱ्या पंगतीतल्या धोक्याच्या चिठ्ठ्या काढून टाकतो. त्यातली एक चिठ्ठी सांगते, की एका अक्षरसंचातला मजकूर दुसऱ्यात नेणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, कुठल्या फोल्डरमध्ये आहे. (जुन्या फॉन्टमधली मराठी युनिकोडमध्ये आणताना आपल्यातल्या अनेकांनी जी कसरत केली, तिचीच ही भावंडं.) पहारेकऱ्याने ती चिठ्ठी काढली. पण आत वाढपी चुकून दुसऱ्या पंगतीत पोचलेला. तिथलं नाव त्याला प्रोग्रॅमचं नाव वाटतं, तो त्याचा पूर्ण पत्ता शोधतो आणि त्याच पाटावर लिहून ठेवतो. फोल्डरांची नावं हल्लेखोराने अशी बेतलेली असतात, की लिहिला गेलेला पत्ता म्हणजे हुबेहूब ती काढून टाकलेली चिठ्ठी. ज्याला दारातून हाकललं त्याला वाढप्याने स्वतःच्या हाताने पाटावर बसवलं.

पुढचा भाग वाचताना त्या सकाळी मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. पीकेएक्झेक थोड्याच वेळात सगळ्या चिठ्ठ्या पुसून टाकतो, म्हणजे हल्लेखोराला मिळते क्षणभराची फट. त्या फटीत प्रोग्रॅमला काही खटकतं आणि तो चूक झाल्याचा संदेश छापायला जातो. तो संदेश वेगळ्या अक्षरसंचात छापायचा असेल तर रूपांतराची लायब्ररी लागते. ती कुठून आणायची? चिठ्ठीत लिहिलंय तिथून. आणि तिथे हल्लेखोराने आपली लायब्ररी ठेवलेली असते, जी आता रूटच्या अधिकारात चालते. ‘काहीतरी चुकलं’ हे प्रामाणिकपणे सांगायला गेलेल्या प्रोग्रॅमच्या हातून सगळ्या किल्ल्या जातात. माहिती जाहीर झाल्यावर काही तासांतच हे करून दाखवणारे तयार प्रोग्रॅम इंटरनेटवर फिरायला लागले होते.

पॅच एवढासा आहे. त्याचा गाभा इतकाच: सुरुवातीलाच मोजा, पहिल्या पंगतीत कोणी बसलंय का? नसेल तर पुढे जाऊच नका. ओपनबीएसडी ही प्रणाली रिकाम्या पंगतीने प्रोग्रॅम सुरूच करू देत नव्हती, म्हणून तिथे हे भगदाड असूनही निरुपयोगी होतं. नंतर लिनक्सच्या कर्नलनेही, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यानेही, शहाणपण घेतलं. 5.18 या आवृत्तीपासून पहिली पंगत रिकामी आली, तर कर्नल स्वतः पहिल्या पाटावर एक कोरी चिठ्ठी बसवतो. यापुढे दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये अशीच चूक असली तरी वाढप्याचा पाय त्या वाटेने पलीकडे पडणार नाही. एक पॅच त्या भगदाडापुरता, दुसरा त्या जातीच्या सगळ्या भगदाडांसाठी. दुसऱ्या प्रकारचे पॅच लिहिणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो.

माझ्या तिसऱ्या सर्व्हरवर पॅच नव्हता, म्हणून मी एस काढला. भगदाड तसंच राहिलं, पण त्यातून मिळणारी ताकद गेली. वाढपी अजूनही चुकेल, फक्त आता त्याच्या हातात रूटची पळी नाही. पडदा-माउस नसलेल्या त्या सर्व्हरवर पीकेएक्झेक कोणाला लागतही नव्हता. हा तात्पुरता बंदोबस्त आहे हे सांगून मी ती मशीन बदलण्याचा अर्ज त्याच आठवड्यात दिला.

पॅच लावणं म्हणजे काय, याबद्दल एक गैरसमज मात्र मला सतत भेटतो. पीकेएक्झेकसारखा छोटा प्रोग्रॅम दरवेळी नव्याने सुरू होतो. डिस्कवरची फाइल बदलली की पुढच्या वेळेपासून नवीन चालतो, मशीन बंद करायची गरज नाही. कर्नलचं तसं नसतं. तो मशीन सुरू होताना मेमरीत चढतो आणि बंद होईपर्यंत तिथेच राहतो. डिस्कवर तुम्ही दहा नवे कर्नल आणून ठेवा, चालत असतो तो जुनाच, त्याच्या भगदाडांसकट. चालू कर्नलवर टाके घालायची सोय काही ठिकाणी असते, पण ती मुद्दाम बसवावी लागते. एरवी रिस्टार्टला पर्याय नाही.

पोनकिटनंतर दीड महिन्याच्या आतच याची आठवण देणारं भगदाड आलं, डर्टी पाइप, आणि हे थेट कर्नलमध्ये होतं. मॅक्स केलरमन हा प्रोग्रॅमर जर्मनीत वेब होस्टिंगचं काम बघायचा. एका ग्राहकाची तक्रार आली, की नोंदींची दाबून लहान केलेली फाइल उघडत नाही. फाइल दुरुस्त करून दिली, काही महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा. त्याने खराब फाइली गोळा केल्या, तर बहुतेक महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या निघाल्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच आठ बाइट. तो माग काढत काढत कर्नलपर्यंत पोचला. पाइप म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे माहिती नेणारी नळी. तिच्या डब्यांवर आधीच्या कामाची खूण तशीच राहत होती, नवा डबा वापरताना ती पुसायची राहून गेली होती. त्यामुळे फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलीवर कोणालाही लिहिता येत होतं. दुरुस्ती? दोन ओळी, खूण शून्य करा म्हणणाऱ्या. मार्च 2022 मध्ये हे जाहीर झालं. तेव्हा बाजारात असलेले पिक्सेल 6 आणि गॅलक्सी एस 22 हे फोनही त्यात सापडले, कारण अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती कधीची आहे ते आज जरूर बघा.

विंडोजवाल्यांचीही यातून सुटका नाही. जुलै 2021 मध्ये छपाई सांभाळणाऱ्या सेवेतलं प्रिंटनाइटमेअर गाजलं. ती सेवाही मशीनच्या सर्वोच्च अधिकारात चालते. मायक्रोसॉफ्टने पॅच देण्याच्या महिन्यातल्या ठरलेल्या मंगळवारची वाट न बघता पॅच दिला, आणि जानेवारी 2020 मध्येच आधार काढून घेतलेल्या विंडोज 7 लाही दिला.

डर्टी पाइपच्या नंतर मी आमच्या इथले नवे सर्व्हर तपासायला घेतले. त्यांचे कर्नल त्या भगदाडाच्या टप्प्यातले होते. एकावर अपडेट वेळेवर लागलेलं दिसत होतं, नोंदवहीत तारीख होती. मग चालू कर्नलचा क्रमांक विचारला. जुना. मशीन कितीक दिवस अखंड चालू आहे ते विचारलं. 412 दिवस. आमच्याकडे या आकड्याचा अभिमान बाळगतात. मला तो बघून पोटात खड्डा पडला, कारण वर्षाहून जास्त काळातले कर्नलचे सगळे पॅच डिस्कवर वाट बघत होते आणि एकही लागू नव्हता.

प्रयोगशाळेतले काका ऐकेनात. “मॅडम, चालू मशीन काहून बंद करता? पुन्हा नाही उठली तर?” त्यांची भीती खोटी नव्हती. इतके दिवस न थांबलेली डिस्क थांबली की कधीकधी फिरतच नाही, हे मीही पाहिलेलं आहे. मी त्यांच्यासमोर बॅकअप घेतला, तो दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवला, आणि रविवारी सकाळी सहाची वेळ ठरवली. मार्चअखेरचं ऊन चढायच्या आत, एसीवर ताण नसताना.

रविवारी काका माझ्या आधी येऊन बसले होते. आज्ञा दिली. पंखे थांबले, खोली एकदम शांत झाली. काकांनी घड्याळ बघितलं. मग पंखे पुन्हा घरघरले, पडद्यावर ओळी धावल्या, खातं उघडलं. कर्नलचा क्रमांक विचारला, नवा आला. मशीन किती वेळ चालू आहे ते काकांनी स्वतः टाइप करून विचारलं.

तीन मिनिटं.