आधी बैठक, मग यंत्र

विदर्भातल्या खेड्यांत प्रौढांच्या शिक्षणात मोबाइल आला, तो अगदी अलीकडे. चारचौघांनी बसून शिकण्याची रीत मात्र इथे जुनी आहे. गाडगे महाराज कीर्तनात प्रश्न टाकत आणि उत्तर समोरच्या माणसांकडून काढून घेत. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून खंजिरीच्या तालावर ग्रामसफाई आणि व्यसनमुक्ती घरोघर नेली. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, त्यातून हाताच्या कामातून शिकवणारी गांधीजींची नई तालीम उभी राहिली आणि १९४५ साली सेवाग्रामला तिच्यात प्रौढशिक्षणही सामावले.

मराठी मुलखात यंत्राचा, म्हणजे रेडिओचा, मोठा प्रयोग झाला १९५६ साली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात असल्याने तो इथे आला नाही. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत श्रोतामंडळे उभी केली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचे आणि अडलेले प्रश्न केंद्राला कळवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळत. मला या प्रयोगात रेडिओपेक्षा ही परतीची टपालच मोलाची वाटते.

पुढे १९७८चा राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम आला, १९८८चे साक्षरता मिशन आले. पाट्या आणि पुस्तिका गावात पोचल्या. पण बऱ्याच वर्गांत एकाने सांगायचे आणि बाकीच्यांनी गिरवायचे, एवढेच उरले. दिवसभर निंदण करून आलेली बाई त्यासाठी किती दिवस येणार? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने वेगळी वाट धरली. तिथल्या अभ्यासगटांत गावकरी जंगलाचे कायदे समजून घेत, त्यावर वाद घालत आणि निर्णय सर्वसहमतीने करत. २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे ही बैठकांची मेहनत आहे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. त्यानंतर तिथल्याच एका बचत गटाच्या बैठकीला मी बसलो होतो. मधे सतरंजीवर एकच मोबाइल, त्यावर गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांचा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यांचा, व्हिडिओ. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीचा विचार करायचा, हे वाक्य आले तशी एक आजी म्हणाली, "थांब बरं, मांगं घे जरासक." व्हिडिओ तीनदा मागे गेला. पतंग रोज मोजायचे कोणी, यावर बराच वेळ वाद झाला.

मग एकीने औषधाचा रिकामा डबा आणला. लेबल कोणालाच धड वाचता येईना. पण लेबलवरच्या चौकटीतला खालचा त्रिकोण रंगाने बोलतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तो डबा हातोहात फिरला. त्या डब्यावरचा त्रिकोण लाल होता.

दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी सापळ्यांचे आकडे येऊ लागले, बहुतेक बोललेले. आजींचा पहिला.