झिलईवरचे तडे म्हणजे वयाचा दाखला नव्हे

'चिनीमातीच्या बरणीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसले की ती शंभर वर्षांची, मोलाची', असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो. समज स्वाभाविक आहे, कारण बऱ्याच जुन्या भांड्यांवर असे तडे खरंच असतात.

पण तडे पडतात ते झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, आणि आतली माती यांचं जमत नाही म्हणून. भट्टीनंतर थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसू पाहते, ताणली जाते, तडकते. हे पहिल्याच दिवशीही घडतं. सच्छिद्र माती ओल शोषून फुगली, तर काही वर्षांनी. शिवाय चहाच्या पाण्यात ठेवून तडे मुद्दाम गडद करता येतात.

म्हणून भांडं उलटं करा. बुडाची कड भिंगाखाली पाहा: खरी झीज टेकणाऱ्या भागावरच आणि वेड्यावाकड्या ओरखड्यांची असते, एकाच दिशेची सरसकट घासण संशयास्पद. मग बुडावरचा शिक्का पाहा. १८९१ पासून अमेरिकेत आयात मालावर तो बनलेल्या देशाचं नाव सक्तीचं झालं, आणि तिथे माल पाठवणारे इंग्रज कारखाने ते लिहू लागले, त्यामुळे 'इंग्लंड' लिहिलेलं भांडं बहुधा त्यानंतरचं.

डागाळलेल्या तड्यांनी किंमत सहसा घटते. मूळ झाकण असेल तर वाढते. आणि अशा बरणीत लोणचं कृपया घालू नका: आंबट खार तड्यांतून मातीत मुरतो, शिवाय काही जुन्या झिलयांत शिसं असतं.